वज्रपोह्याच्या वाटेवर वाटाड्याने नाल्यापाशी मागे फिरवलं. पैसे परत मागावेत का?

टिळकवाडीकर | मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. परवाच्या रविवारी बेळगावातल्या एका ट्रेकवाल्यांबरोबर आम्ही घरचे चौघे वज्रपोहा धबधब्याला निघालो होतो. माणशी १,८०० रुपये. त्यात बेळगाव ते चापोली जाऊन येऊन गाडी, नाश्ता, जेवण, वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, असं जाहिरातीत होतं. आम्ही बावीसजण, ट्रेकवाल्यांची दोन पोरं आणि गावातले एक मामा.

मामा म्हणजे साठीकडे झुकलेला गडी. पायात रबरी चपला, डोक्याला टॉवेल, कमरेला आकडीत कोयता. बोलणं मोजकं. वाटेत गव्याच्या खुरांचे ठसे दाखवले, शेकरूचं घरटं दाखवलं, बाकी गप्प. चाल मात्र अशी की आमचा कॉलेजातला पोरगाही मागे पडत होता.

बाराच्या सुमारास एक नाला लागला. पाणी गुडघ्यापर्यंत, काही ठिकाणी थोडं वर. ऊन कडक, आभाळ निळं. पलीकडून तासाभराची चाल राहिली होती असं ट्रेकवाला पोरगा सांगत होता. मामा काठावर उकिडवे बसले, पाण्यात हात घातला, वाहत आलेला काटक्यांचा झुबका उचलून बघितला, वरच्या अंगाला डोंगराकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आज न्हाय जायाचं. फिरा मागं."

पोरांनी दोर काढला, हुज्जत घातली. मामांनी चंची सोडून तंबाखू मळायला घेतली. "तुमी जावा. मी येत न्हाय." वाट फक्त त्यांनाच ठाऊक, त्यामुळे विषय संपला. दोनला आम्ही परत गावात. जेवण झालं, अंताक्षरी झाली, संध्याकाळपर्यंत तिथे पावसाचा थेंब नाही. बायको अजून टोमणे मारते आहे की १,८०० रुपयांत भाजी-भाकरी आणि अंताक्षरी झाली.

प्रश्न असा की धबधबा दाखवलाच नाही तर पैसे मागायचे की नाही? आणि वाटाड्याला असं अधिकाराने मागे फिरवता येतं का?

खडकगल्ली | मंगळवार, रात्री ९.५५

मागा की ओ! पुरे मागा. ऊन पडलेलं, पाणी गुडघ्याएवढं, आणि मामा म्हणतो फिरा मागं. त्याला काय, गाईडाचे पैसे मिळाले, घरी जाऊन जेवून झोपला असेल. आम्ही कॉलेजात असताना याच्या दुप्पट पाण्यातून गेलोय.

डोंगरभटक्या | मंगळवार, रात्री १०.२०

खडकगल्ली, कॉलेजातले सगळेच नाले दुप्पट पाण्याचे असतात.

टिळकवाडीकर, तीन गोष्टी सांगा, मग बोलू. जंगलात पाय ठेवला तेव्हा किती वाजले होते? नाल्याचा तळ दिसत होता का? आणि दोर काढून ती पोरं नेमकं काय करणार होती?

टिळकवाडीकर | मंगळवार, रात्री १०.४५

जाहिरातीत बेळगाव सोडायची वेळ साडेपाच होती. दोघांची वाट बघत गाडी सव्वासातला हलली. जांबोटीत नाश्त्याला थांबलो, तिथे पोहे संपले म्हणून परत करायला लावले, फोटो झाले. प्रत्यक्ष चालायला लागलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

तळ दिसत नव्हता. पाणी अगदी गढूळ नव्हतं, पण मातकट छटा होती. दोराचं म्हणाल तर एका पोराच्या कमरेला बांधून त्याला आधी पलीकडे पाठवायचं, मग दोर झाडाला बांधून बाकीच्यांनी धरून जायचं, असा बेत होता.

जांबोटीचा_जावई | मंगळवार, रात्री ११.३०

नावातच सगळं आलं, त्यामुळे पक्षपात धरून वाचा.

तुम्ही ऊन कुठलं बघितलंत? डोक्यावरचं. नाल्याचं पाणी डोक्यावर पडलेल्या पावसाचं नसतं, ते वरच्या डोंगरातून येतं. कणकुंबी, आमगाव, देगाव हा सगळा पट्टा घाटमाथ्याच्या कडेला आहे. अरबी समुद्रावरून येणारा ढग पहिल्यांदा तिथे अडतो. आमगावला २०१० साली १०,०६८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. बेळगाव शहरात वर्षाला पडतो त्याच्या कितीतरी पट. तास-दीड तासाच्या गाडीच्या अंतरात पाऊस एवढा बदलतो. तुमच्या टिळकवाडीत छत्री उघडायची गरज पडत नाही त्या दिवशी कणकुंबीत गुरं गोठ्याबाहेर काढत नाहीत.

आता महिना बघा. दसरा झालाय, म्हणजे परतीचा पाऊस. जून-जुलैचा पाऊस तरी प्रामाणिक, दिवसभर पडत राहतो, नाला भरलेला दिसतो, कुणी जायचं धाडस करत नाही. परतीचा सकाळी दडून बसतो. लख्ख ऊन, दमट हवा, दुपारी दोन-तीनच्या पुढे डोंगरामागून काळं वर येतं, गडगडतं आणि अर्ध्या तासात जे काय पडायचं ते एकाच खोऱ्यात पडून मोकळं होतं. जमीन चार महिने भिजून तुडुंब झालेली, ती काही पीत नाही. सगळं पाणी थेट ओढ्यात.

हिशोब करा. बाराला नाल्यावर. बावीस माणसं पलीकडे न्यायची, त्यात लहान-मोठी सगळी, पाऊण तास गेला. पुढे तासभर चाल. कड्यावर पोचल्यावर कोण लगेच उठतो? फोटो, डबे, आणखी तासभर. परत नाल्यावर यायला पावणेचार-चार. म्हणजे नेमकं वीज कडाडायच्या वेळेला तुम्ही नाल्याच्या चुकीच्या बाजूला. रात्र काढायची तर तिकडे ना घर, ना मोबाइलला रेंज. अंगावर टीशर्ट आणि पिशवीत उरलेला कुंदा.

मामांनी बाराचा नाला बघून मागे फिरवलं नाही. त्यांनी चारचा नाला बघितला.

खडकगल्ली | मंगळवार, रात्री ११.४१

बरं जावईबापू. पण त्या दिवशी वर पाऊस झाला का, ते सांगा की. सासुरवाडीला विचारा.

जांबोटीचा_जावई | मंगळवार, रात्री ११.४४

विचारतो उद्या. आता फोन केला तर सासरे उचलतील, पण बोलतील वेगळंच.

डोंगरभटक्या | बुधवार, सकाळी ७.१५

दोराबद्दल लिहितो, कारण वाचून रात्री झोप लागली नाही.

वाहत्या पाण्यात माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याला पाठवणं हा बुडवायचा प्रकार आहे, वाचवायचा नव्हे. पाय घसरला की दोर ताणला जातो, पाणी मागून रेटतं आणि माणूस दोराच्या टोकाला पाण्याखाली दाबला जातो. काठावरचे जितकं ओढतील तितका तो खाली जातो. दोर नसता तर निदान वाहत जाऊन पुढे काठाला लागला असता. पाण्यात वापरायचा दोर झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला लावतात आणि त्यासाठी वेगळं शिक्षण असतं. त्या पोरांकडे ते होतं असं वाटत नाही.

गुडघाभर पाण्याचंही तेच. उभं पाणी गुडघाभर असलं तर लेकरंही खेळतात. वेगाने वाहणारं गुडघाभर पाणी जाणत्या माणसाचा पाय उचलतं, त्यात खाली शेवाळलेले गोटे आणि तळ दिसत नाही. आणि पाणी वाढायच्या आधी सांगून वाढतं. छटा बदलते, पालापाचोळा आणि बारीक काटक्या यायला लागतात, आवाज जड होतो. मामांनी उचलून बघितलेला काटक्यांचा झुबका तुम्हीच लिहिलाय. ओल्या, ताज्या तुटलेल्या काटक्या असतील तर वर कुठेतरी पाणी नुकतंच चढलंय. सुकलेला जुना कचरा असेल तर वेगळी गोष्ट. ते त्यांनी बोटांनी बघितलं असणार.

ओलांडायचंच झालं तर प्रवाहाकडे तोंड, हातात काठी, पिशवीचे पट्टे सोडलेले, बूट पायात, तिघे-चौघे एकमेकांच्या खांद्याला धरून. आणि आधी हे ठरवायचं की पडलो तर कुठे जाऊन अडकणार. खालच्या बाजूला झाडं आडवी पडलेली असतील किंवा धबधबा असेल तर ओलांडायचंच नाही. धबधब्याच्या वाटेवरच्या नाल्याच्या खालच्या बाजूला काय असतं ते सांगायला नको.

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी १०.०५

पणजीहून नमस्कार. तुमचा वज्रपोहा ज्या म्हादईवर पडतो तीच खाली येऊन आमची मांडवी होते. तुमच्याकडचा परतीचा पाऊस आम्हाला उसगाव-गांजेच्या पुलाखाली दिसतो, लाल पाणी आलं की वर काहीतरी झालं हे कळतं. गंमत अशी की कणकुंबीला उगवणारी मलप्रभा तिथून पाठ फिरवून पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. दोन नद्यांचे उगम एकाच तालुक्यात, एकीचं पाणी आमच्या मिरामारला, दुसरीचं थेट आंध्रात.

आता त्या मधल्या उंचवट्यावरूनच कळसा आणि बंडुरी नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचा घाट चाललाय, तेही सांगून ठेवतो.

निपाणीवाला | बुधवार, सकाळी १०.२२

पाणी पळवलं म्हणून ओरडणारे गोवेकर आमच्या सीमाभागाबद्दल कधी बोलतात का? खानापूर तालुका मराठी, गावं मराठी, मामा मराठी, आणि परवानगीचा अर्ज मात्र...

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी १०.३१

म्हादईच्या पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं वळवायला कळशाचं १.७२ आणि बंडुरीचं २.१८. आकडा वाचा आणि मग

संपादक | बुधवार, सकाळी १०.४०

म्हादई लवाद आणि सीमाप्रश्न यांसाठी स्वतंत्र धागे आहेत, दोन्ही भरपूर लांब आहेत. इथे धबधबा, वाट आणि वाटाड्या. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

सुमती_शहापूर | बुधवार, दुपारी २.१०

आमचा भगिनी मंडळाचा गट वज्रपोह्याला गेला होता, जानेवारीत. तेव्हा नाल्यात घोटाभर पाणी, बायका साड्या खोचून हसत गेल्या. धबधबा कड्यावरून समोर बघायचा, खाली उतरायचं नाही हे आधीच सांगितलेलं. सुमारे २०० मीटरची धार आहे, पावसानंतर लगेच गेलात तर दरीतून वर येणारं धुकं अंगावर येतं आणि धार दिसतही नाही, नुसता आवाज. जानेवारीत पाणी कमी पण दिसतं सगळं. मला विचाराल तर नोव्हेंबरचा शेवट बरा.

जळवांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ऑक्टोबरात त्या असणारच. पावसाळी पाल्यावर सुतळीच्या तुकड्याएवढी जळू मागच्या टोकावर उभी राहून पुढचं तोंड हवेत फिरवत असते, माणसाची ऊब आली की वळते. चावलेलं कळत नाही, मोजा ओला लागला की बघायचं तर रक्त. ओढून काढू नका, काडी लावू नका, मिठाने ती पोटातलं जखमेत ओकते म्हणतात. नख तिच्या तोंडाखाली सरकवलं की सुटते. रक्त बराच वेळ थांबत नाही कारण ती रक्त न गोठण्याचं द्रव्य सोडते, घाबरू नये, दाबून धरावं. आमच्या वाटाड्याने आमच्या मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायला सांगितलं होतं, उपयोग झाला.

खरी भीती जळवांची नाही, गोचिडांची. पावसाळ्यात जळवा, आणि डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गोचीड. माकडतापाचा विषाणू गोचिडातून येतो. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा सापडला, आणि आता लांब कुठे नाही, गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या शेजारच्या दोडामार्गात २०१६ च्या आसपास माणसं दगावली आहेत. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही आणि गावात सांगायचं. पालापाचोळ्यावर बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि स्वतः आंघोळ, अंग नीट तपासून. ट्रेकवाले यातलं काही सांगत नाहीत.

टिळकवाडीकर | बुधवार, दुपारी २.४८

सुमतीताई, सांगितलं नव्हतंच. आमच्या पोराच्या पोटरीवर तीन निघाल्या, ट्रेकवाल्या पोराने लायटर काढला होता. मामांनी "ठेव तो" म्हणून अंगठ्याने काढल्या.

रानजाई | बुधवार, रात्री ८.३०

पैसे राहू देत, मला एक सांगा. वनखात्याची परवानगी जाहिरातीत होती. कागद बघितलात का?

भीमगड २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य झालं, क्षेत्र १९०.४२ चौरस किलोमीटर. अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवाना लागतो, कलम २७ आणि २८. परवान्यावर किती माणसं, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत, हे असतं. तुमच्या वाटेचा कुठला तुकडा अभयारण्यात आणि कुठला राखीव जंगलात, हे ट्रेकवाल्याने नकाशावर दाखवायला हवं. बाहेर काढताना चौकीवर नावं नोंदवली होती का? अलीकडे पावसाळ्यात खानापूर भागातल्या धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात, बेळगावातली पोरं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धबधब्यात बुडतात म्हणून.

हे जंगल म्हणजे फक्त वाघ-गव्यांचं नाही. याच भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत, तिथल्या रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं आणि कितीतरी दशकं जगात ते फक्त इथेच माहीत होतं. नंतर मेघालय आणि कंबोडियात सापडलं. गुहेत कुणाला जाऊ देत नाहीत ते बरंच आहे. नाहीतर तिथेही अंताक्षरी झाली असती.

(अंताक्षरीचा राग नाही. जंगलाच्या तोंडाशी स्पीकर होता का, एवढंच विचारते.)

टिळकवाडीकर | बुधवार, रात्री ९.०२

स्पीकर होता. कागद बघितला नाही, कुणी मागितलाही नाही. चौकीवर एका पोराने उतरून बोलून आलेलं दिसलं, नावं कुणी विचारली नाहीत. आज फोन करून परवान्याची प्रत मागितली. "पाठवतो सर" म्हणाले.

जांबोटीचा_जावई | गुरुवार, सकाळी ९.२०

सासुरवाडीला बोललो. रविवारी कणकुंबीकडे दुपारी काळं आलं होतं, गडगडलं, पण पडला नाही. चारला चिरचिर, तेवढीच. शनिवारी रात्री मात्र बडवला होता.

खडकगल्ली | गुरुवार, सकाळी ९.२६

बघा! पडला नाही. मामा चुकला. मी काय सांगुलालोय दोन दिवस!

डोंगरभटक्या | गुरुवार, सकाळी ९.५०

पडला नाही हे तुम्हाला गुरुवारी कळलं. मामांना रविवारी बाराला ठरवायचं होतं. शनिवारी रात्री वर बडवलेला, काटक्या वाहताहेत, दुपारी ढग यायचा हंगाम, मागे बावीस माणसं आणि दोघं पोरं कमरेला दोर बांधून तयार. चुकला असता तर आपण हा धागा वेगळ्याच कारणाने वाचत असतो, पेपरातल्या बातमीखाली.

खडकगल्ली | गुरुवार, सकाळी १०.०२

हे मान्य नाही. मग दर वेळी फिरायचं का मागे? पडेल पडेल म्हणून कोण घराबाहेर पडणार नाही.

जांबोटीचा_जावई | गुरुवार, सकाळी ११.१५

दर वेळी नाही ओ. आठला नाल्यावर असता तर मामा तुम्हाला हसत घेऊन गेले असते. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. सासऱ्यांच्या ओळखीतलेच निघाले ते मामा, गावं लहान आहेत, लगेच कळतं. काल संध्याकाळी जांबोटीत भेट झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात लिहितो.

त्यांना ट्रेकवाल्यांनी सांगितलं होतं की सातला माणसं चापोलीत येतात. ते सातपासून पाराखाली बसून होते. साडेदहाला गाडी आली. तेव्हाच त्यांनी त्या पोरांना सांगितलं की आज कड्यापर्यंत होणार नाही, नाल्यापर्यंत फिरवून आणतो. पोरं म्हणाली, हे लोकांना आत्ता सांगू नका, बघू तिथे. त्यामुळे तुम्हाला नाल्यावर जे एकदम वाटलं ते त्यांनी दीड तास आधी ठरवलं होतं.

बावीस माणसांचे ३९,६०० झाले ना? मामांना दिवसाचे हजार. त्यात "गाईडाला काय, त्याचे पैसे मिळाले" असं कुणी लिहिलंय ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

आणि नाला त्यांना का कळतो, तर त्याच वाटांवर ते पावसाळाभर असतात. घाटमाथ्याच्या गावांना पावसाळ्यात नाला म्हणजे दवाखान्याच्या वाटेवरचा अडसर आहे. २०२४ च्या जुलैत आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून पाच-एक किलोमीटर चिखले गावाच्या रस्त्यापर्यंत आणलं होतं, पेपरात फोटो आले होते सगळ्यांनी बघितलेत. त्या वाटेवर चालणारा माणूस नाला ओलांडायचा की नाही हे फोटोसाठी ठरवत नाही. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या लोकांनी जंगलातून बाहेर पडायला होकार दिला, त्यामागे वाघापेक्षा हाच रस्ता आणि दवाखाना जास्त आहे. पण हे लिहायला बसलो तर संपादक येतील.

सुमती_शहापूर | गुरुवार, दुपारी १.३०

तीन तास पाराखाली बसवून ठेवलं आणि चहा विचारला का कुणी?

टिळकवाडीकर | गुरुवार, दुपारी १.५२

आमच्या हिने विचारला. आणि डब्यातला कुंदा दिला. त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवला, नातवाला म्हणाले.

निपाणीवाला | गुरुवार, दुपारी २.१५

अवांतर नाही, खरोखर उपयोगाचं लिहितो. अशी मोठी टोळी न नेता गावातल्या वाटाड्याला थेट गाठलं तर? चार माणसं, एक मामा, पैसे त्यांच्या हातात.

रानजाई | गुरुवार, दुपारी ३.००

चांगलं आहे, पण परवान्याशिवाय नको. पकडलं तर तुम्ही दंड भरून बेळगावला याल, मामांना त्याच चौकीसमोरून रोज गुरं न्यायची असतात. त्यांच्यावर केस झाली तर खानापूरच्या कोर्टात तारखा कोण करणार? आधी खानापूरला वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा, परवाना घ्या, मग मामांना सांगा. अर्ज कन्नडात असतो, तिथले लोक भरायला मदत करतात, मी दोन्ही वेळा मराठीतच बोलले.

टिळकवाडीकर | शुक्रवार, रात्री ८.४०

अपडेट. ट्रेकवाल्यांचा मेसेज आला. परवान्याची प्रत नाही. त्याऐवजी "निसर्गाच्या लहरीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल" पुढच्या ट्रेकला माणशी ३०० रुपये सवलत.

यात निसर्गाची लहर कुठे आली? गाडी पावणेदोन तास उशिरा सुटली, पोहे दोनदा झाले, आणि आज होणार नाही हे चापोलीत कळलेलं असताना आमच्यापासून लपवलं. मी आता पैसे मागणार आहे, आणि धबधबा दिसला नाही म्हणून नव्हे. साडेपाचची वेळ, परवाना, दोराचं शिक्षण, बावीस माणसांमागे एकच वाटाड्या, या चार गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. उत्तर आलं नाही तर ग्राहक मंचाकडे अर्ज. वाटाड्याबद्दल तक्रारीत एक ओळ नाही.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, वाटाड्याला असा अधिकार असतो का, त्याचं उत्तर मिळालं. बायको मात्र अजून म्हणते, धबधबा राहिलाच.

खडकगल्ली | शुक्रवार, रात्री ८.५८

ग्राहक मंचाला माझी साक्ष लागली तर सांगा. मामाबद्दल माझं मत तेच. ट्रेकवाल्यांबद्दल मात्र तुमच्याबरोबर.

डोंगरभटक्या | शुक्रवार, रात्री ९.०५

खडकगल्ली, तुम्ही एकदा मामांबरोबर जायला हवं. कॉलेजातल्या नाल्यासकट.

हिंडलगेकर_पोरगी | शनिवार, सकाळी ८.१०

धागा वाचून नोव्हेंबरच्या शेवटाला जायचं ठरतंय, आम्ही पाच मैत्रिणी. दोन प्रश्न. कचेरीत काय कागद नेऊ, आणि आम्हा पाचजणींसोबत मामा येतील का, की सोबत कुणी पुरुष माणूस हवा असं म्हणतील?

रानजाई | शनिवार, सकाळी ९.३०

पाचही जणींच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स, गाडीचा नंबर, वाटाड्याचं नाव-गाव. आठवडाभर आधी जा, आदल्या दिवशी नको. फी तिथेच विचारा, ती बदलत असते. दाट हिरवा किंवा खाकी कपडा, पूर्ण बाह्या. अत्तर नको. स्पीकर घरी.

जांबोटीचा_जावई | शनिवार, सकाळी ९.४२

पुरुष माणूस कशाला? मामांच्या घरच्या बायका त्याच जंगलातून शिकेकाई आणि जांभळं गोळा करून आणतात. निरोप मी देतो, मामी पण येते का विचारतो. फक्त एक अट त्यांनी आधीच सांगून ठेवली आहे: सातला चापोलीत. सव्वासातला ते शेतावर गेलेले असतील.